टेकरीच्या पायथ्याशी : कुमार गंधर्वांचे दुसरे आयुष्य

आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत कुणी मोठ्या दुखण्यातून उठले की पहिली आठवण देवाची होते. टायफॉइडचा ताप उतरो, हृदयाची शस्त्रक्रिया पार पडो, की इस्पितळात महिनाभर पडून असलेला मुलगा स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडो. घरातली आजी आधी देवापुढे साखर ठेवते आणि मगच नातेवाइकांना फोन करायला सांगते. मग नवस आठवतात. देवासची मंडळी टेकरी चढतात आणि थोरली तुळजाभवानी व धाकटी चामुंडा अशा दोन्ही मातांची ओटी भरतात. धारची मंडळी गढकालिकेच्या दर्शनाला जातात. इंदूरला खजरान्याच्या गणपतीच्या देवळात तर मागणे मागताना मागच्या भिंतीवर उलटा साथिया काढायचा आणि मागणे पुरे झाले की पुन्हा जाऊन तो सरळ काढायचा, अशी चाल आहे. आमच्यापैकी कितीतरी जणांनी हे दोन्ही साथिये स्वतःच्या हाताने काढले आहेत.

सरळ साथिया काढला, पेढे वाटले, सत्यनारायण घातला की आम्हांला हलके वाटते. देवाचे देणे फिटले, असे आम्ही मानतो. पण जे परत मिळाले ते पेढ्यांच्या पुड्याएवढे लहान नसते. एक अख्खे आयुष्य परत मिळालेले असते. त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न नवस फेडून घरी आल्यावर उरतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच देवासमध्ये, टेकरीच्या पायथ्याशी राहून गेले. ते सांगत बसले नाही, गात राहिले. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही पंडित कुमार गंधर्वांचे चरित्र सांगायला घेतले आहे ते यासाठी. त्यांच्या गायकीचे शास्त्र उलगडून दाखवण्याचा आमचा अधिकार नाही. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या एका माणसाने आपल्या गावात राहून पुढची वर्षे कशी घालवली, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

कुमारजी जन्माने माळव्याचे नव्हते आणि मराठीही नव्हते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी एका कानडी लिंगायत घरात त्यांचा जन्म झाला. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. वडिलांना गाण्याचे वेड होते, घरात ग्रामोफोनच्या तबकड्या वाजत. या मुलाने लहानपणी रीतसर तालीम घेतली नव्हती. पण तबकडीवर ऐकलेले मोठमोठ्या गवयांचे गाणे तो जसेच्या तसे गाऊन दाखवी. हरकत तीच, तान तीच, श्वास घेण्याची जागासुद्धा तीच. ऐकणारे थक्क होत. हे अद्भुत पाहून लिंगायत मठातल्या एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली. ती पदवी एवढी चिकटली की पुढे तेच त्यांचे नाव झाले आणि शिवपुत्र हे नाव घरच्या कागदपत्रांत राहिले.

वडिलांनी मुलाला घेऊन गावोगाव जलसे केले. अकरा-बारा वर्षांचा असताना हा मुलगा मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या हाती आला. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ऑपेरा हाउसजवळ त्यांची गाण्याची शाळा होती. निरनिराळ्या घराण्यांचे गवई त्या शाळेत येत, गात, बोलत बसत. आपलेच घराणे तेवढे खरे, असा हट्ट देवधरांनी शिष्यांत रुजू दिला नाही. चांगले जिथे असेल तिथून घ्यावे आणि का चांगले आहे याचा विचार करावा, ही शिकवण कुमारला तिथे मिळाली. विशीत येईतो तो देशभर गाजलेला तरुण गवई झाला होता. मोठ्या परिषदांतून बोलावणी येत होती. आता याला कोण अडवणार, असे सगळ्यांना वाटत होते.

१९४७ साली त्यांचा विवाह भानुमती कंस यांच्याशी झाला. त्याही देवधरांच्याच शाळेतल्या, स्वतः गाणाऱ्या. संसार मांडून पुरते वर्षही झाले नसेल तोच कुमारजींना क्षयाने गाठले.

आजच्या मुलांना क्षय म्हणजे सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा रोग वाटेल. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला मात्र तो शब्द मोठ्याने उच्चारायचीही भीती वाटे. घरात कुणाला राजयक्ष्मा झाला की त्याची ताटवाटी वेगळी, अंथरूण वेगळे, आणि मुलीचे लग्न जमायचे असेल तर आजार चार भिंतींच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. औषध असे नव्हतेच. मोकळी कोरडी हवा, दूध, अंडी, पडून राहणे आणि वाट पाहणे, एवढाच इलाज. ज्यांना परवडे ते मिरजेच्या किंवा पाचगणीच्या आरोग्यभुवनात जात. काही परत येत, पुष्कळ येत नसत.

गवयाच्या बाबतीत तर हा रोग दुप्पट क्रूर. ज्या फुप्फुसांवर गाणे उभे राहते तीच तो पोखरतो. डॉक्टरांनी कुमारजींना गाणे बंद करायला सांगितले. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत जाणे भाग होते. म्हणून १९४८ च्या जानेवारीअखेर, गांधीजींच्या हत्येने सारा देश सुन्न झाला त्याच सुमारास, हे नवे जोडपे देवासला आले. कुमारजी तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

ते देवास कसे होते, हे आमच्यातल्या जुन्या घरांना सांगायला नको. धार आणि देवास ही पवारांची दोन ठाणी. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांबरोबर पवार सरदार नर्मदा ओलांडून आले. धारला एक शाखा स्थिरावली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांनी गाव वाटून घेतले आणि एका गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदू लागली. त्यांच्यामागोमाग आमचे पूर्वज आले. कुणी फडणिशीला, कुणी शिलेदारीला, कुणी देवळातल्या पूजेला. आले ते चार दिवसांसाठी आणि राहिले ते पिढ्यान्‌पिढ्या. कुमारजी आले तेव्हा दोन्ही पात्यांचे राज्य आवरत आले होते आणि गाव मध्य भारतात विलीन होण्याच्या वाटेवर होते. दरबार गेला तरी गाण्याची आवड गावात उरली होती. उस्ताद रजब अली खाँसारखा खंदा गवई तेव्हा देवासमध्येच राहत होता.

अशा गावात एक आजारी गवई येऊन पडला. त्याला हवा हवी होती, आणि माळव्याची हवा तेवढी चांगली होती. बाकी हाताशी काही नव्हते. कार्यक्रम बंद म्हणजे मिळकत बंद. भानुताईंनी शाळेत शिकवण्याची नोकरी धरली. नोकरी करायची, घर पाहायचे, रोग्याचे पथ्य सांभाळायचे, वेळेवर औषध, वेळेवर दूध, उष्टे-खरकटे उकळून काढायचे, आणि रोग्याचा धीर सुटू द्यायचा नाही. संसर्गाची भीती असलेल्या रोगात त्या रात्रंदिवस त्याच खोलीत वावरल्या. त्या स्वतः गात होत्या, हे पुष्कळांना ठाऊकही नसते. इंदूरच्या स्नेह्यांनी हात दिला. रामूभैया दाते, राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, बाबा डिके ही त्या काळातली इंदूरची मंडळी कुमारजींचे जिवाभावाचे मित्र झाली.

आणि रोगी काय करीत होता? तो पडून होता आणि ऐकत होता. जवळजवळ पाच वर्षे. ज्याने लहानपणापासून ऐकलेले गळ्यातून काढून दाखवण्याचा सपाटा लावला होता, त्याला आता ऐकलेले नुसते मनात ठेवावे लागत होते. खिडकीबाहेर पाखरे ओरडत. टेकरीवर जाणारे भाविक गात जात. दळताना, लग्नात, बाळाच्या जन्माला, सणावाराला माळवी बाया गाणी म्हणत. एकतारी घेतलेला एखादा जोगी दारावरून भजन म्हणत पुढे जाई. ही गाणी आमच्याही कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत होती. आम्ही ती मोलकरणींची, शेतकऱ्यांची गाणी समजून सोडून दिली होती. घरात नाट्यगीते आणि अभंग असताना गावकुसाबाहेरच्या गाण्याकडे कोण कान देणार? आजारी कुमारजींनी ते कान दिले. चार-पाच स्वरांतच फिरणाऱ्या त्या धुनांत रागाचे बीज आहे, हे त्यांच्या लक्षात येऊ लागले. पुढे बरे वाटू लागल्यावर त्यांनी ही गाणी मिळवली, लिहून घेतली, त्यांच्या स्वरांचा कसून अभ्यास केला. भानुताईही त्यात होत्या.

इकडे जगात दुसरीच एक गोष्ट घडली होती. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाच्या हातून, मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले. क्षयावर खरोखर लागू पडणारे ते पहिले औषध. ते आपल्यापर्यंत पोहोचायला काही वर्षे गेली. १९५२ च्या सुमारास कुमारजींना ते मिळाले आणि उतार पडला. त्याच वर्षी वॅक्समन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता इथे आपण नेहमी एक वाद घालतो. वाचवले कुणी, देवाने की औषधाने? आमच्या घरांत या वादावर जेवणे थंड झालेली आहेत. एक पिढी म्हणते नवस फळला, दुसरी म्हणते इंजेक्शन लागू पडले. कुमारजींच्या गोष्टीकडे पाहिले की हा वादच आम्हांला थोडा पोरकट वाटू लागतो. हजारो कोसांवरच्या मातीतले औषध, या गावची कोरडी हवा, मित्रांचा आधार आणि एका बाईची पाच वर्षांची सेवा, हे सगळे एका माणसाच्या उशाशी वेळेवर येऊन पोहोचले. ज्याला देव मानायचा आहे त्याला देव दिसायला एवढे पुरे आहे. आणि मानताना यातल्या कुणाचेच नाव गाळायची गरज नाही.

१९५३ साली कुमारजी पुन्हा मैफलीत बसले. योगायोगाने त्याच वर्षी इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांचे देवासवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. थोरल्या पातीच्या महाराजांकडे ते काही काळ खाजगी चिटणीस होते. पुस्तकाला त्यांनी नाव दिले ते आपल्या टेकरीचे, देवीच्या डोंगराचे. टेकरीचे नाव एकाच वर्षी असे दोन वाटांनी जगात गेले, असे आम्ही अभिमानाने म्हणतो.

पण परत आलेला गवई पूर्वीचा नव्हता. एक फुप्फुस कायमचे अधू झाले होते. लांब दमाच्या, एकापुढे एक कोसळत जाणाऱ्या ताना आता शरीराला झेपणाऱ्या नव्हत्या. एखाद्याने नशिबाला बोल लावला असता, किंवा उरलेल्या दमात जुनेच गाणे कसेबसे गात पोट भरले असते. कुमारजींनी जेवढा श्वास उरला होता तेवढ्याचेच गाणे केले. लहान, वेगवान, नेमक्या ताना, मध्येच शांतता, एकच स्वर असा लावायचा की सभागृह भरून जावे. उणीव झाकायची म्हणून हे केले, असे ऐकणाऱ्याला कुठे जाणवत नाही. लहानपणी जो दुसऱ्यांचे श्वाससुद्धा उचलत होता, त्याला त्याचा स्वतःचा श्वास आजारपणाने मोजून दिला आणि त्यातून त्याचे स्वतःचे गाणे निघाले.

पडल्या पडल्या ऐकलेल्या माळवी धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. मालवती, संजारी, मघवा, मधसुरजा, सहेली तोडी, लगनगंधार अशी त्यांची नावे. मधसुरजा हा भर दुपारचा राग. त्यातल्या त्यांच्या बंदिशीचा आशय रसिकांत असा सांगितला जातो, की देवीपुढे बळी द्यायला नेली जाणारी बकरी देवीलाच आळवते आहे, कारण घरी तिचे पिलू एकटे आहे. आम्हांला ही बंदीश ऐकताना चुटपुट लागते. आजारातून उठलेल्या माणसासाठी बकरे बोलण्याची चाल आपल्या मुलुखात जुनी आहे. एक जीव वाचला म्हणून दुसरा द्यायचा. ज्याचा स्वतःचा जीव वाचला होता, त्या माणसाला नवस फेडणाऱ्या माणसाबरोबर चाललेली ती बकरीही ऐकू आली. कृतज्ञता माणसाचे कान असे तिखट करते की काय, कोण जाणे.

देवाचे आभार मानण्याची त्यांची रीत कुठली, असे विचाराल तर आम्ही त्यांच्या निर्गुणी भजनांकडे बोट दाखवू. देवासमध्ये शीलनाथ महाराजांची धुनी आहे. नाथपंथातले हे योगी विसाव्या शतकाच्या आरंभी इथे वास करून होते. त्यांच्या धुनीवर कबीर, गोरखनाथ यांची भजने गायची परंपरा चालत आली होती. गावातले जोगी, मजूर, शेतकरी ही पदे एकतारीवर म्हणत. कुमारजींनी ती ऐकली, त्यांची पदे जमवली आणि शास्त्रीय संगीताच्या व्यासपीठावर आणली. त्याआधी मैफलीच्या शेवटी भजन म्हणायचे ते रसिकांना गोड निरोप म्हणून. कुमारजींचे निर्गुणी भजन ऐकून कुणी गोड वाटले असे म्हणत उठत नाही. एका रिकाम्या, खूप उंच जागी कुणी एकटा उभा राहून हाक घालतो आहे, असे वाटते. ज्याने पाच वर्षे मरण शेजारच्या खाटेवर बसलेले पाहिले, त्याला देह म्हणजे चार दिवसांचे घर ही कल्पना पोथीत वाचून समजून घ्यावी लागली नसेल.

त्यांचा देव मात्र निर्गुणापुरता राहिला नाही. सूरदास, मीरा आणि कबीर या तिघांची पदे घेऊन त्यांनी त्रिवेणी केली. तुलसीदासांवर केले, तुकोबांवर केले. जन्माने कानडी असलेल्या या माणसाने तुकोबांचा अभंग असा गायला की देहूच्या वारकऱ्यानेही मान डोलवावी. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी त्यांनी गायलेली भूपाळी तर आमच्या घरांतून वर्षानुवर्षे पहाटेच्या रेडिओवर वाजत आली आहे. चहाचे आधण ठेवताना ती ऐकणाऱ्या कितीजणींना ठाऊक होते, की हा आवाज ज्याचा आहे त्याला गाणे कायमचे सोडायला सांगितले गेले होते?

इथवर ही गोष्ट सरळ आहे. माणूस आजारी पडला, बरा झाला, त्याने देवाचे गाणे गायले. सरळ साथिया निघाला. पण चरित्र इथे थांबत नाही, आणि आम्हांलाही थांबता येत नाही.

१९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुताई गेल्या. पहिला मुलगा मुकुल तेव्हा पाच वर्षांचा होता. ज्या बाईने आपल्या हातांनी एका माणसाला मरणातून परत ओढून आणले, तिच्यासाठी स्ट्रेप्टोमायसिनसारखे काही वेळेवर येऊन पोहोचले नाही. बाळंतपणात बाई जाणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. आमच्या प्रत्येक घराच्या वंशावळीत अशी एक तरी सून आहे, जिचे नावही पुढच्यांना नीट आठवत नाही. पण इथे प्रश्न टोचतो. आपण वाचलो म्हणून देवाचे आभार मानायचे, तर ती गेली त्याचे काय मानायचे? जो देव एकाला वाचवतो आणि त्याला वाचवणारीला नेतो, त्याच्यापुढे पेढे कुठल्या हाताने ठेवायचे?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. कीर्तनकार प्रारब्ध म्हणतात, आम्ही ऐकून घेतो. कुमारजींच्या आयुष्यात एवढे मात्र दिसते, की त्यांचे गाणे थांबले नाही आणि कडवटही झाले नाही. टेकरीकडे जाणाऱ्या माताजीच्या रस्त्यावरचे त्यांचे घर भानुताईंच्या नावाने ओळखले जाऊ लागले : भानुकुल. कुणाच्या जिवावर आपण उभे आहोत, हे त्या घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला दारावरच कळे. देवाला दिलेल्या धन्यवादात माणसाचे नाव विसरायचे नाही, हा धडा आम्ही त्या पाटीवरून घेतो.

१९६२ साली त्यांचा विवाह वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी झाला. वसुंधराताई स्वतः उत्तम गायिका. त्यांनी दोन्ही मुलांना वाढवले, घर उभे ठेवले आणि कुमारजींबरोबर मंचावर गायल्या. दोघांची एकत्र म्हटलेली भजने आजही घरोघर ऐकली जातात. कन्या कलापिनी, मुलगा मुकुल, नातू भुवनेश असे गाणे पुढे चालत राहिले.

त्या वर्षांत कुमारजींनी जे काम केले ते निरोगी माणसालाही दमवणारे होते. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हे त्यांच्या बंदिशींचे पुस्तक आले. ऋतूंवर त्यांनी गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत असे कार्यक्रम बांधले; माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम केला, आणि ज्या गाण्यांना आम्ही घराबाहेर ठेवले होते ती तिकीट काढून ऐकायला लोक जमले. बालगंधर्वांची गायकी आपल्याला कशी उमगली, हे त्यांनी गाऊन दाखवले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी गांधी मल्हार हा राग केला. आजारी अवस्थेत, गांधीजींच्या हत्येच्या दिवसांत, ज्या माणसाने देवासमध्ये पाऊल ठेवले, त्याने एकवीस वर्षांनी हे ऋण असे फेडले.

सगळ्यांनाच हे रुचले असे नाही. घराणे मोडले, परंपरा सोडली, रागाचे तुकडे केले, अशी टीका जन्मभर झाली. आमच्याही घरांत दोन तट होते. बडा ख्याल सावकाश, घराण्याच्या शिस्तीने ऐकायची सवय असलेल्या आजोबांना हे गाणे पटत नसे. कुमारजींनी मार्ग बदलला नाही. उसनवार मिळालेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या पसंतीचे गाणे गाण्यात वेळ घालवावा, असे त्यांना वाटले नसावे. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. मुंबई-पुण्याहून बोलावणी अखंड येत. पण हवापालटासाठी आलेला हा पाहुणा बरा झाल्यावर परत गेला नाही. आमच्या पूर्वजांसारखाच तोही राहिला. फौजेबरोबर न येता तो दुखणे घेऊन आला, एवढाच फरक.

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमारजी देवासमध्येच गेले. वय सदुसष्ट. १९५३ च्या मैफलीपासून मोजली तर एकोणचाळीस वर्षे. तेवीस वर्षांच्या रोग्याला पाहून त्या काळी कुणी एवढी वर्षे वर्तवली नसती.

आता पुन्हा आमच्या नवसांकडे वळतो. खजरान्याचा साथिया, टेकरीची ओटी, गढकालिकेचे दर्शन, यांतले काही सोडावे असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही सोडणार नाही. ज्या हातांनी घाबरून मागितले त्या हातांनी आनंदाने काही द्यावे, यात माणसाचे भलेच आहे. पण त्या दिवशी देणे फिटले असे मात्र समजू नये. फिटायला सुरुवात झाली, असे समजावे. इस्पितळातून घरी आल्यावर रात्रभर जागलेल्या बहिणीचे, पथ्याचे रांधणाऱ्या सुनेचे, डबा पोचवणाऱ्या शेजाऱ्याचे, रक्त देऊन निघून गेलेल्या अनोळखी मुलाचे नाव आपल्या घरात कुठे तरी लिहिलेले असावे. उरलेला श्वास थोडा असला तरी त्यात काय गाता येईल, हे शोधावे. जे आजवर दाराबाहेर होते ते कान देऊन ऐकावे. आणि ज्यांना देवाने परत दिले नाही त्यांच्या घरी जाऊन आपल्या नवसाची कथा लांबवू नये, नुसते शेजारी बसावे.

पुढच्या खेपेला टेकरीच्या पायऱ्या चढाल तेव्हा खाली त्या रस्त्याकडे एकदा वळून पाहा. वर आईचे देऊळ आणि पायथ्याशी भानुताईंच्या नावाचे घर. आम्हांला तरी ही दोन्ही ठिकाणे दर्शनाचीच वाटतात.

यंदाही आपल्या मंडपात कुणी दुखण्यातून उठून आले असेल, आरतीला काठी टेकून उभे असेल. त्यांच्या हातात निरांजन आधी द्या. ज्यांनी त्यांना उभे केले त्यांनाही पुढे बोलवा. गणपती बाप्पा मोरया!